जमिनीइतकीच शरीराचीही निगा हवी

(कृषी विज्ञान केंद्रातील खरीपपूर्व शेतकरी प्रशिक्षण वर्गात एका ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेले व्याख्यान)



सकाळपासून आपण बियाण्याची उगवणक्षमता, बीजप्रक्रिया, माती परीक्षण आणि खतांच्या मात्रा यांविषयी तज्ज्ञांकडून ऐकले. हे सारे ज्या शरीराच्या बळावर करावयाचे, त्या शरीराविषयी चार गोष्टी सांगण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

बैल लंगडू लागला तर आपण त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावतो. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज बदलला तर लगेच फिटर आणतो. परंतु घरातल्या कर्त्या माणसाला चार दिवस ताप असला, तरी ‘एवढी पेरणी उरकू दे, मग बघू’ असे म्हणतो. घरातल्या बाईच्या आजारपणात तर ‘मग बघू’ असे म्हणणारेही कोणी नसते. पावसाळ्यात रुग्णालयात उशिरा येणारे बहुतेक रुग्ण असेच थांबलेले असतात. म्हणून आज मी तीन विषय घेतले आहेत : शेतीकामातून होणारे जंतुसंसर्ग, मनावरचा ताण आणि व्यायाम. हे तीन वेगळे वाटले तरी एकमेकांत गुंतलेले आहेत, हे पुढे लक्षात येईल.

लहान जखम, मोठा धोका

शेतकऱ्याला जखम नवीन नाही. विळा लागतो, खुरपे लागते, पऱ्हाटीचे खुंट पायात घुसते. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात सुप्त अवस्थेत वर्षानुवर्षे टिकून राहतात. जखम खोल असेल आणि आत हवा पोचत नसेल, तर ते तेथे वाढतात आणि एक विष तयार करतात. जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत जबडा आवळू लागतो, मान आणि पाठ ताठते, झटके येतात. हा आजार झाल्यावर माणूस वाचवणे अतिशय अवघड असते. टाळणे मात्र अगदी सोपे आहे.

जखम झाली की प्रथम भरपूर वाहत्या पाण्याने आणि साबणाने धुवावी. तिच्यावर माती, शेण, चुना किंवा तंबाखू भरू नये. त्यानंतर आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताची लस घ्यावी. पूर्वी या इंजेक्शनला ‘टी.टी.’ म्हणत, आता त्याऐवजी ‘टी.डी.’ ही लस मिळते. ती धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण देते. जखम मळकट असेल आणि शेवटची लस घेऊन ५ वर्षांहून अधिक काळ झाला असेल, तर पुन्हा डोस घेणे आवश्यक असते. शेवटची लस कधी घेतली ते आठवत नसेल, किंवा लहानपणचे डोस पूर्ण झाले नसतील, तर तसे डॉक्टरांना सांगावे. चोवीस तास उलटून गेले म्हणून आता उपयोग नाही, असे समजून घरी बसू नये. उशीर झाला तरी जावे.

पाण्यातून आणि गवतातून येणारे ताप

कोकणात, आणि जेथे जेथे भातखाचरे आहेत किंवा पाणी साचते तेथे, लेप्टोस्पायरोसिस हा आजार आढळतो. मुंबईत २००५ च्या जुलैमधील महापुरानंतर याचे अनेक रुग्ण निघाले, तेव्हा हे नाव घराघरांत पोचले. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून याचे जंतू पाण्यात व चिखलात येतात. चिखलणी-लावणी करताना पायावरच्या भेगांतून, जखमांतून किंवा डोळ्यांवाटे ते शरीरात शिरतात. बहुधा ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप, तीव्र डोकेदुखी, डोळे लाल होणे आणि पोटऱ्यांत कमालीच्या वेदना ही लक्षणे दिसतात.

येथेच घोटाळा होतो. लावणी करून पाय दुखणारच, असे समजून माणूस दुकानातून अंगदुखीची गोळी आणतो. दोन दिवस बरे वाटते. तोवर जंतू मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसांपर्यंत पोचतात. डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते, श्वास लागतो. पहिल्या काही दिवसांत ज्या आजाराला साध्या, स्वस्त गोळ्या पुरतात, त्यालाच नंतर डायलिसिस आणि अतिदक्षता विभाग लागतो. शिवाय काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर आणखी भार टाकतात. म्हणून चिखलात काम केल्यानंतरच्या महिनाभरात ताप आला, तर डॉक्टरांना ‘मी लावणीला होतो’ हे न विचारता सांगा. त्या एका वाक्याने निदान लवकर होते. जोखमीच्या भागात आरोग्य विभाग आठवड्यातून एकदा घ्यावयाची प्रतिबंधक गोळी देतो. ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावी. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांना ती चालत नाही.

दुसरा असाच ताप स्क्रब टायफसचा. २०१८ साली विदर्भात याची मोठी साथ आली होती. पावसाळ्यात आणि त्यानंतर वाढलेल्या गवतात, झुडपांत अगदी बारीक कोळीवर्गीय किडीच्या अळ्या असतात. त्या चावल्याचे कळतही नाही. काही दिवसांनी ताप येतो. काखेत, जांघेत किंवा कमरेपाशी विडीने भाजल्यासारखा काळी खपली असलेला, न दुखणारा डाग अनेकदा सापडतो. असा डाग दिसल्यास डॉक्टरांना अवश्य दाखवावा. गवत कापताना पूर्ण बाह्यांचा सदरा व पायघोळ विजार घालावी, गवतावर उघड्या अंगाने लोळू नये, घरी आल्यावर साबणाने आंघोळ करून कपडे धुवावेत.

पायाच्या बोटांमधल्या चिखल्यांकडे आपण दुर्लक्ष करतो. परंतु कातडी कुजली की जंतूंना दार उघडे होते. शक्य तेथे गमबूट वापरावेत. कामावरून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. मधुमेह असलेल्यांनी तर रोज रात्री दिव्याखाली पायाचे तळवे तपासावेत. त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असते, त्यामुळे काटा रुतलेलाही कळत नाही.

गोठ्यातील काळजी

गाय किंवा म्हैस गाभडली, तर तो गर्भ व वार उघड्या हातांनी काढू नये. ब्रुसेल्लोसिस नावाचा आजार यातून माणसाला होतो. महिनोन् महिने ये-जा करणारा ताप, घाम आणि सांधेदुखी ही त्याची लक्षणे. हातमोजे वापरावेत, वार खोल पुरावा, दूध उकळूनच प्यावे. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना या रोगाची लस टोचून घ्यावी.

जनावराच्या तोंडातून लाळ गळते आहे, गिळता येत नाही, म्हणजे घशात काही अडकले असेल असे समजून आपण सरळ हात घालतो. ते पिसाळलेले असू शकते. असा हात घातला गेला असेल, किंवा कुत्रे, मांजर, माकड चावले असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. सर्व डोस पूर्ण करावेत. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

प्रतिजैविके आणि गुलाबी बोंडअळी

एकच कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारले, मात्रा कमी-जास्त केली, तर कीड त्याला दाद देईनाशी होते, हे आपणांस ठाऊक आहे. बी.टी. कपाशीला दाद न देणाऱ्या गुलाबी बोंडअळीने २०१७ साली महाराष्ट्रात काय नुकसान केले, ते आपण विसरलेलो नाही. माणसाच्या शरीरातही तेच घडते. साध्या सर्दी-पडशावर प्रतिजैविकाची गोळी घेणे निरर्थक आहे. सर्दी विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत. डॉक्टरांनी ५ दिवसांच्या गोळ्या दिल्या असतील, तर बरे वाटले म्हणून तिसऱ्या दिवशी बंद करू नयेत. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करावी. क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. साध्या क्षयात ते बहुधा ६ महिने घ्यावे लागते. मधेच सोडले तर पुढचा क्षय औषधांना दाद देत नाही आणि उपचार कठीण होतो.

प्रतिबंधाने काय साधते याचे आपल्यासमोर उदाहरण आहे. पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या गावांत एकेकाळी नारूने लोक अंथरुणाला खिळत. नारूवर लस नव्हती, खात्रीचे औषधही नव्हते. पाणी गाळून पिणे, विहिरी सुरक्षित करणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे, एवढ्याच उपायांनी तो गेला. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

मनावरचा ताण : हाही आरोग्याचाच प्रश्न

आता दुसऱ्या विषयाकडे वळतो. याबद्दल आपण उघडपणे बोलत नाही, म्हणून मी थोडा अधिक वेळ घेणार आहे.

ताण म्हणजे मनाचा कमकुवतपणा नव्हे. बांधावर साप दिसला की छाती धडधडते, अंगात बळ येते, आपण उडी मारून बाजूला होतो. शरीरात त्या क्षणी काही द्रव्ये रक्तात सोडली जातात, त्यांचा हा परिणाम. धोका टळला की शरीर पूर्ववत होते. हा ताण उपयोगी आहे. परंतु पाऊस लांबला, दुबार पेरणी करावी लागली, भाव पडले, सोसायटीचे कर्ज थकले, मुलीचे लग्न तोंडावर आले, तर तो ‘साप’ महिनोन् महिने समोरून हटत नाही. शरीर सतत सावध अवस्थेत राहते. झोप उडते, रक्तदाब व रक्तातील साखर वाढू शकते, पोट बिघडते, डोके दुखते.

मनाचा आणि संसर्गाचा संबंध कसा, असे कोणी विचारील. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचे विषाणू थेंबांवाटे सोडण्यात आले. ज्यांच्या मनावर ताण जास्त, त्यांना सर्दी होण्याचे प्रमाणही जास्त आढळले. १९९५ साली अमेरिकेत दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. घरातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची दीर्घकाळ सेवा करून थकलेल्या स्त्रियांच्या हातावर केलेली अगदी लहान जखम भरायला, तशाच वयाच्या इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस अधिक लागले. ताणाखाली शरीराची प्रतिकारशक्ती मंदावते, ती अशी.

ताण हाताबाहेर चालला आहे हे कसे ओळखावे? दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे किंवा पहाटे दचकून जाग येणे, जेवणावरची वासना उडणे, सतत उदास वाटणे, कामात लक्ष न लागणे, चिडचिड, माणसांत मिसळणे टाळणे, दारू वाढणे, ही लक्षणे आहेत. अशा वेळी पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली, हिशेब कागदावर मांडा. कोणाचे किती देणे, कशाची मुदत केव्हा, कोणत्या कर्जाचे पुनर्गठन होऊ शकते, पीकविम्याचा दावा कोठे अडला आहे, हे लिहून काढा. मनात फिरणारी रक्कम नेहमीच कागदावरच्या रकमेपेक्षा भयानक वाटते. बँकेत किंवा कृषी कार्यालयात जाताना सोबत कोणाला तरी न्या.

दुसरी, घरात सांगा. घरधन्याने आकडा एकट्याच्या पोटात ठेवू नये. घरातली बाई काटकसरीत भागीदार असते, तर माहितीतही भागीदार असली पाहिजे.

तिसरी, दारूवर झोप शोधू नका. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडकी होते आणि उदासपणा वाढतो.

चौथी, कीटकनाशके घरात साठवून ठेवू नका. फवारणीपुरतीच आणा, उरलेली कुलूपबंद ठेवा आणि घरात कोणी अतिशय निराश असेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्या. टोकाचा विचार बऱ्याचदा थोड्या वेळापुरता येतो. तेवढा वेळ निघून गेला आणि जवळ कोणी माणूस असला, तर जीव वाचतो. आणि वाचलेले बहुसंख्य लोक पुढे आपले आयुष्य जगतात.

कोणी ‘आता माझा काही उपयोग नाही’, ‘मी गेल्यावर तुम्ही सुटाल’ असे बोलू लागले, आवडत्या वस्तू किंवा जनावरे देऊन टाकू लागले, तर हसण्यावारी नेऊ नका. शेजारी बसा आणि सरळ विचारा, ‘दादा, जिवाचे काही बरेवाईट करावे असे मनात येते का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही; उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू असून चोवीस तास मराठीतून बोलता येते. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार तज्ज्ञ असतात. कोणी विषारी औषध घेतलेच, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि औषधाचा डबा सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा माणसाला शिक्षेऐवजी उपचार व मदत मिळण्याची तरतूद केली आहे.

नैराश्यावर औषधे आहेत. ती घेतल्याबरोबर त्याच दिवशी गुण येत नाही. दोन ते चार आठवडे लागतात. त्यामुळे धीर धरावा, आणि डॉक्टरांना न विचारता ती बंद करू नयेत.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला?

हा प्रश्न मला प्रत्येक मेळाव्यात विचारला जातो. ‘आम्ही दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कसला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर दोन भागांत देतो.

पहिला भाग असा, की पूर्वीइतके चालणे आता राहिलेले नाही. नांगरट ट्रॅक्टरने होते, शेतावर मोटारसायकलने जातो, मोटार घरबसल्या मोबाईलवरून सुरू होते. १९५३ साली लंडनमधील दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांपेक्षा, जिने चढ-उतर करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी होते. बस एक, पगार जवळपास सारखा, फरक हालचालीचा. आपल्या गावातही आता चालक वाढले आणि वाहक कमी झाले आहेत. तीस वर्षांवरील प्रत्येकाने वर्षातून एकदा उपकेंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात रक्तदाब व साखर तपासावी. ही तपासणी मोफत असते. रक्तदाब वारंवार १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर त्रास नसला तरी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसरा भाग असा, की कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. खुरपणी करणारी बाई सहा-सात तास एकाच बाजूला वाकलेली असते. त्यात काही स्नायू पिळून निघतात आणि काहींना हालचालच मिळत नाही. कमरेचे आणि गुडघ्याचे दुखणे त्यातून सुरू होते. व्यायामाने अंग सर्व बाजूंनी वळवले जाते.

आठवड्यातून एकूण किमान १५० मिनिटे झपाझप चालावे, म्हणजे ५ दिवस रोज अर्धा तास. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग पुरे. शेत जवळ असेल तर मोटारसायकल घरी ठेवावी. सूर्यनमस्कार हा आपल्या मातीतला उत्तम व्यायाम आहे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी त्याचा मोठा प्रसार केला. सुरुवात ४-५ नमस्कारांनी करून हळूहळू वाढवावेत. खुरपणी करणाऱ्यांनी दर अर्ध्या-पाऊण तासाने उभे राहून, दोन्ही हात कमरेवर ठेवून, सावकाश चार-पाच वेळा मागे वाकावे. यात दोन मिनिटेही जात नाहीत. सायकल कोळपे व लांब दांड्याची अवजारे वापरल्यास वाकणेच कमी होते.

युरियाची गोणी ४५ किलोची असते. ती कमरेत वाकून, झटक्याने उचलू नये. गोणीजवळ जाऊन गुडघ्यात बसावे, गोणी अंगाशी घ्यावी आणि मांड्यांच्या जोरावर उठावे. उचललेल्या स्थितीत कंबर पिळू नये, पावले टाकून वळावे. शक्य तेथे दोघांनी उचलावी.

चालताना किंवा कष्ट करताना छातीत दडपण, डाव्या हातात वा जबड्यात कळ, दरदरून घाम किंवा धाप ही लक्षणे दिसली, तर काम थांबवावे आणि तत्काळ दवाखाना गाठावा. ‘पित्त झाले’ म्हणून सोडा पिऊन वाट पाहू नये.

व्यायामाचा फायदा मनालाही होतो. नियमित चालणाऱ्याला झोप चांगली लागते, उदासपणा कमी होतो. दोघे-तिघे मिळून चालले, तर बोलणेही होते. म्हणूनच मी सुरुवातीस म्हटले, की हे तीन विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. मन हलके असेल तर शरीर रोगाशी झुंजते. शरीर हलते राहिले तर मन सावरते.

पेरणीपूर्वीची यादी

घरी गेल्यावर बियाणे-खतांच्या यादीखाली पुढील गोष्टी लिहून ठेवा :

१. घरातील प्रत्येकाने धनुर्वाताची लस शेवटी कधी घेतली, ते पाहणे. आठवत नसल्यास आरोग्य केंद्रात विचारणे.
२. गमबुटांचा एक तरी जोड आणि हातमोजे आणणे. साबण शेतावरही ठेवणे.
३. तीस वर्षांवरील सर्वांचा रक्तदाब व साखर तपासणे. यात घरातील स्त्रिया आधी.
४. ताप आल्यास दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात जाणे, आणि चिखलात, गवतात किंवा गोठ्यात काम केल्याचे सांगणे.
५. कीटकनाशकांना कुलूप लावणे.
६. १०८ आणि १४४१६ हे क्रमांक घराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिणे.
७. रोज अर्धा तास चालणे, आणि शेजारच्या एखाद्या गप्प झालेल्या माणसाला सोबत बोलावणे.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, वेळही फार लागत नाही. एका हंगामाचे पीक गेले तर पुढचा हंगाम येतो. घरातले माणूस गेले, तर पुढच्या हंगामाला कोणी भरून देत नाही. तेव्हा यंदाची पेरणी करताना घरातल्या माणसांचीही तितकीच निगा राखा, एवढी विनंती करून मी थांबतो. आपल्या शंका असतील त्या अवश्य विचाराव्यात.